गोशेन प्रांत आणि आपल्या वेशीतील उपरी

(मंडळ्यांकरिता शास्त्राभ्यास)

वाचावयाचे भाग : उत्पत्ति ४३:३२, उत्पत्ति ४६:३१-३४, निर्गम १:८-१४, लेवीय १९:३३-३४, अनुवाद २४:१४-२२, याकोब २:१-९.
पाठ करावयाचे वचन : लेवीय १९:३४.



सायंकाळी पाळी सुटण्याच्या समयी बिरवाडीच्या रस्त्याने जो कोणी चालेल, त्याच्या कानी मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, ओडिया व बंगाली अशा अनेक भाषा पडतील. हे लोक महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या व औषधांच्या कारखान्यांत काम करितात आणि रात्री आसपासच्या गावांतील भाड्याच्या खोल्यांत निजतात. आमच्या सभासदांपैकी काही त्याच कारखान्यांत कामास जातात, आणि काहींनी या लोकांकरिता खोल्या बांधून भाडे घेण्यास आरंभ केला आहे. यास्तव हा विषय दूरच्या शहराचा नव्हे, आपल्या ओसरीचा आहे. परका गरीब मनुष्य आपल्या गावी आला असता तो वेगळ्या व दाट वस्तीत का राहू लागतो, ती वस्ती वाईट का होते, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी जातो, हा प्रश्न आम्ही या पाठात घेतला आहे.

१. गोशेनची गोष्ट

इस्राएलाचे कुटुंब दुष्काळामुळे मिसर देशात गेले हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथे ते कोठे राहिले व का राहिले, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. उत्पत्तीच्या ४३ व्या अध्यायात योसेफाच्या घरच्या जेवणाचा वृत्तांत आहे. त्या दिवशी पाने तीन ठिकाणी वाढली : योसेफास वेगळे, त्याच्या भावांस वेगळे, आणि मिसऱ्यांस वेगळे, कारण इब्र्यांबरोबर जेवणे मिसऱ्यांस ओंगळ वाटत असे. आपल्या देशात पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला हा अध्याय समजावून सांगण्याचे कारण नाही.

पुढे ४६ व्या अध्यायात योसेफ आपल्या भावांस शिकवितो की, फारोने धंदा विचारिला तर आम्ही गुरेमेंढरे राखणारे आहोत असे सांगा. म्हणजे तुम्हांस गोशेन प्रांतात राहावयास मिळेल, कारण मेंढपाळांचा मिसऱ्यांस तिटकारा आहे. आरंभी ही वेगळी वस्ती दोन्ही पक्षांस सोयीची वाटली. इस्राएलांस कुरणे मिळाली. मिसऱ्यांस नको असलेले शेजारी दूर राहिले. पण पुढे योसेफाची ओळख नसलेला राजा गादीवर आला. त्याने त्या वस्तीकडे पाहिले तेव्हा त्यास तेथे माणसे दिसली नाहीत, संख्या दिसली. संख्येचे त्यास भय वाटले, भयापोटी त्याने त्यांच्यावर मुकादम नेमिले, आणि पिथोम व रामसेस ही नगरे त्यांच्या घामाने उभी राहिली.

येथे तीन पायऱ्या आहेत. प्रथम पंगत वेगळी झाली, मग वस्ती वेगळी झाली, आणि शेवटी भय व जुलूम आले. जे एकत्र जेवत नाहीत ते एकमेकांस ओळखत नाहीत. आणि ज्यास आपण ओळखत नाही त्याचे भय बाळगणे फार सोपे असते.

या दास्यातून सोडविल्यावर देवाने आपल्या लोकांस जे नियम दिले त्यांत उपऱ्याविषयी वारंवार आज्ञा आहे : त्याला छळू नये, त्याला आपल्या देशबंधूप्रमाणे मानावे, त्याच्यावर स्वतःवर करितो तशी प्रीती करावी. या आज्ञेला जे कारण जोडिले आहे ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 'उपरी बिचारा आहे' असे तेथे म्हटलेले नाही. तुम्ही स्वतः मिसर देशात उपरी होता, हे कारण दिले आहे. आज्ञेचा पाया दयेवर नसून आठवणीवर आहे.

'उपरी' हा शब्द आपल्या मुलखालाही जुना आहे. पूर्वी ज्याची जमीन वंशपरंपरेची असे तो मिरासदार, आणि जो बाहेरून येऊन तात्पुरत्या कराराने दुसऱ्याची जमीन कसी तो उपरी. गावात राहूनही गावकीत त्याचा शब्द चालत नसे. आज कारखान्यापाशी खोली घेऊन राहणाऱ्या मजुराची स्थिती याहून निराळी नाही.

२. आपले गोशेन

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरउतारावर भात, नाचणी व वरी पिकते, परंतु पावसाळ्यातले ते पीक वर्षभर पुरत नाही. म्हणून येथील पुरुष मुंबईस जाऊ लागले. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी सन १८५४ मध्ये निघाली. पुढे गिरण्यांची संख्या वाढली तशी कोकणातील माणसे बाणकोटाहून आगबोटीने आणि नंतर मोटारीने त्या शहरात जात राहिली. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी येथे एकेका गावाची मिळून एकेक खोली असे. दिवसपाळीचा मनुष्य उठला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. सामान भिंतीच्या खुंटीला, जेवण खाणावळीत, आणि पैसा मनिऑर्डरीने गावी.

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा लक्षावधी लोक शहर सोडून पळाले आणि दाट वस्तीतील गरिबांच्या घरांवर अधिकाऱ्यांच्या धाडी पडू लागल्या. पुष्कळ सुशिक्षित लोक त्या वेळी असे म्हणत की हे गिरणीवाले घाणेरडे आहेत म्हणून रोग आला. ते घाणेरडे म्हणविले गेलेले लोक कोण होते? ते आपले आजे-पणजे होते. पुढे सन १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधिल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्याला सामाईक. तीत दहा-दहा माणसे राहिली. सन १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गिरणगाव हळूहळू मावळले; पण आमच्या मंडळीत अद्याप असे वृद्ध आहेत की ज्यांच्या तोंडी त्या चाळींचे क्रमांक आहेत.

३. एका वृद्ध मातेचे उत्तर

आमच्या मंडळीतील एक सभासद देवभीरू मनुष्य आहे. दशांश कधी चुकवीत नाही. त्याने घरामागील जागेत सहा खोल्या बांधिल्या. एका खोलीत दहा माणसे राहतात आणि भाडे खोलीमागे नव्हे, डोईमागे घेतले जाते. नळाला कुलूप असून ते सकाळी एक तास व सायंकाळी एक तास उघडते. एके दिवशी आम्ही त्याच्या ओसरीवर बसलो असता कुलपाविषयी विचारिले. तो म्हणाला, "पाळकसाहेब, ह्या लोकांना असंच राहायची सवय असते." आम्ही, वाचकहो, मान हालविली. ते आम्हांस खरेच वाटले होते.

त्याची आई जवळच तांदूळ निवडीत होती. तिचे वय ऐंशीच्या वर. ती सूप खाली न ठेविता म्हणाली, "तुझा बाप डिलाईल रोडला असाच राहिला रे, अठरा वर्षं. त्याला काय सवय नव्हती. त्याला दुसरी खोली कुणी देत नव्हतं."

आम्ही सेमिनरीत पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत, परंतु या विषयावर एवढे थोडक्यात व इतके पुरते कोणी सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्या सभासदाने त्याच आठवड्यात नळाचे कुलूप काढिले. भाडे मात्र तो अजून डोईमागेच घेतो, आणि त्याविषयी आमचे त्याच्याशी बोलणे चालू आहे.

४. वस्ती दाट का होते

'सवय' आणि 'दुसरी खोली न मिळणे' या दोहोंतील भेद हाच या पाठाचा गाभा आहे. तो प्रचारक बंधूंनी मंडळीस नीट उलगडून सांगावा.

पहिले कारण मजुरी. मजूर आपल्या कमाईतील मोठा भाग घरी पाठवितो. उरलेल्यात पूर्ण खोलीचे भाडे बसत नाही, म्हणून दहा जण मिळून ते भरितात. दुसरे कारण ठेकेदार. पुष्कळदा मजूर ठेकेदाराच्या हाताने येतो, आणि एका हाकेसरशी सर्व जमावे म्हणून ठेकेदार आपली माणसे एके ठिकाणी ठेवितो. तिसरे कारण आपणच. चांगल्या आळीतील घर परभाषिकास, परजातीच्या मनुष्यास किंवा एकट्या पुरुषांस द्यावयाचे नाही असे घरमालक ठरवितात, म्हणून त्यांना गावाच्या कडेचे, नाल्याकाठचे किंवा कारखान्याच्या भिंतीलगतचे घर घ्यावे लागते. चौथे कारण कागद. भाड्याची पावती नाही म्हणून राहण्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून गॅस व इतर सोयी मिळण्यास अडचण.

अशा रीतीने गरिबाशेजारी गरीबच राहू लागला की आणखी एक गोष्ट घडते. ज्याची ओळख आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याचे ग्रामपंचायतीत कोणी ऐकते, असा एकही मनुष्य त्या वस्तीत राहत नाही. त्यामुळे गटार तुंबले तर ते तुंबलेलेच राहते. दवाखाना जवळ येत नाही. सावकार आणि दारूचा गुत्ता मात्र येतो. मग आपण रस्त्याने जाताना नाकाला पदर लावितो आणि म्हणतो, पाहा, हे लोक कसे राहतात! वस्ती दूर ठेविली म्हणून ती मळली; आपण समजतो की मळकी म्हणून ती दूर आहे. कार्यालाच आपण कारण ठरवितो.

ही चूक सर्व देशांत झालेली आहे. लंडन शहरात चार्ल्स बूथ नावाचा जहाजांचा एक धनवान मालक होता. शहरात दारिद्र्य खरोखर किती, हे पाहण्यासाठी त्याने सन १८८६ मध्ये घरोघरची चौकशी आरंभिली आणि प्रत्येक रस्ता तेथील लोकांच्या स्थितीप्रमाणे निरनिराळ्या रंगांनी नकाशावर रंगविला. लंडनचे सुमारे ३० टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे त्यास आढळले. दारूमुळेच लोक दरिद्री होतात असा तेव्हा पुष्कळ भाविकांचा समज होता. परंतु बूथच्या चौकशीत बहुतेकांच्या दारिद्र्याचे मूळ अपुरी मजुरी व अनिश्चित काम यांत सापडले, व्यसन हे त्या मानाने थोड्यांचेच कारण निघाले. व्यसनाविरुद्ध आम्ही उपदेश करितो आणि करीत राहू. परंतु मजुरीविषयी व घरभाड्याविषयी मौन धरून केवळ व्यसनाविषयी बोलणे हा अर्धाच उपदेश होय.

५. तळ्याची साक्ष

वेगळ्या वस्तीचा अर्थ महाडकरांनी लंडनवरून शिकण्याचे कारण नाही. सन १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले आणि महाडच्या नगरपालिकेनेही सन १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. तरी कोणी पाणी भरू देईना. तारीख २० मार्च १९२७ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर सहस्रावधी लोकांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी घेतले. त्यानंतर गावात कंडी पिकली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसे काहीच नव्हते. परंतु त्या अफवेवर विश्वास ठेवून जमावाने परिषदेच्या लोकांस मारहाण केली. तळ्याचा खटला दहा वर्षे चालला, आणि सन १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज वेशीबाहेर राहत होते. पाण्याला कुलूप लागणे म्हणजे काय हे आपल्या घरांनी सोसले आहे. त्याच महाड तालुक्यात ख्रिस्ती मनुष्याने दुसऱ्याच्या पाण्याला कुलूप लावावे ही गोष्ट आम्हांस झोप येऊ देत नाही.

आणि अफवेविषयीही सावध असा. दूर राहणाऱ्या अनोळखी मनुष्याविषयी काहीही खरे वाटते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे तारीख १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे आले अशा अफवेवरून भिक्षा मागणारे पाच भटके लोक जमावाने ठार मारिले. मोबाइलवर आलेला असा मजकूर पुढे पाठविणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणे होय.

६. आपल्या तरुणांची तक्रार

येथे कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आमच्या जमिनी वसाहतीत गेल्या आणि नोकऱ्या मात्र बाहेरचे घेऊन गेले." ही तक्रार आम्ही थट्टेवारी नेत नाही. तीत दुःख आहे आणि पुष्कळ अंशी सत्यही आहे. परंतु ठेकेदार परक्यासच का पसंत करितो, याचा विचार करा. परक्याचे घर जवळ नाही, म्हणून तो रजा मागत नाही. त्याच्या पाठीशी कोणी नाही, म्हणून तो तक्रार करीत नाही. तो निराधार आहे म्हणून तो स्वस्त आहे, आणि तो स्वस्त आहे तोवर आपला मुलगाही स्वस्तच राहील. यास्तव अनुवादाच्या २४ व्या अध्यायात मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करण्याची आज्ञा आहे ती भाऊबंद व उपरी या दोघांस एकाच दमात लावलेली आहे.

आणि हे विसरू नका की आपल्याच डोंगरातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन दरवर्षी वीटभट्ट्यांवर जातात, आणि तेथे तीही उपरीच असतात. सन २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून पायी आलेल्या आपल्याच चाकरमान्यांस कोकणातील कित्येक गावांनी वेशीवर अडविले. उपरेपण कोणाच्या कपाळी केव्हा येईल याचा नेम नाही.

तारीख ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. त्यात ११ कामगार मरण पावले. मृतांत या भागातील तरुण होते आणि परप्रांतांतून आलेलेही होते. जिवंतपणी त्यांच्या वस्त्या वेगळ्या होत्या.

७. मंडळीने काय करावे

थोड्या व करता येण्याजोग्या गोष्टी सांगतो.

घरमालक सभासदांनी भाडे खोलीमागे घ्यावे, पावती द्यावी, आणि पाणी बंद ठेवू नये. खोलीत किती जणांनी निजावे याची मर्यादा स्वतःच्या घरास लावाल तीच लावावी.

प्रचारकांनी मजुरांस त्यांचे हक्क सांगावे. ज्याचे नाव आपल्या राज्यातील अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर असून आधारशी जोडलेले आहे, त्यास येथील रास्त भावाच्या दुकानातही धान्य मिळते; सन २०२२ पासून ही योजना सर्व राज्यांत लागू आहे. कुटुंबाने आपला वाटा गावी घ्यावा आणि त्याने आपला येथे घ्यावा, असेही करता येते. पुष्कळ मजुरांस हे ठाऊक नसते.

कुटुंबासह आलेल्यांच्या मुलांस शाळेत न्यावे. सन २००९ च्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. आपल्या मंडळ्यांतील शिक्षकांनी हे काम आपले समजावे.

उपासनेत त्यांस जागा द्यावी. येथे आम्हांस स्वतःचा दोष कबूल केला पाहिजे. काही महिन्यांपूर्वी चार तरुण मंदिरात आले आणि दाराजवळ उभे राहिले. ते पाहुणे आहेत असे समजून कोणी त्यांस मागल्या चटईवर बसविले, आणि आम्ही वेदीवरून ते पाहून स्वस्थ राहिलो. उपासनेनंतर कळले की ते झारखंडातील उरांव ख्रिस्ती आहेत. छोटानागपुरात गॉस्नर मिशनचे पहिले जर्मन मिशनरी सन १८४५ मध्ये रांचीस आले. म्हणजे त्या तरुणांच्या घरी ख्रिस्ताचे नाव कदाचित आमच्या घराहूनही आधी पोहोचले असेल. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभास्थानातील आसनांविषयी जे लिहिले आहे, ते आम्ही वर्षानुवर्षे शिकविले होते. आता ते तरुण पुढल्या रांगेत बसतात आणि महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी एक जण हिंदीत प्रार्थना चालवितो. जे येतात ते सर्व ख्रिस्ती असावेत अशी आमची अट नाही, आणि पाणी, पावती व न्याय यांचा मोबदला म्हणून आम्ही कोणाचा धर्म मागत नाही.

आणि शेवटी, एकत्र जेवा. गोशेनची वाट वेगळ्या पंगतीपासून सुरू झाली होती. ती तेथूनच उलट फिरेल. या नाताळात प्रत्येक कुटुंबाने शेजारच्या खोल्यांतील दोघांस तरी घरी जेवावयास बोलवावे, आणि पान आपल्या पानाशेजारी मांडावे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटास सन १८२३ मध्ये शुभवर्तमान घेऊन जे स्कॉच मिशनरी आले, तेही भाषा न जाणणारे उपरीच होते. कोणीतरी त्यांस पाणी दिले असेलच.

चर्चेकरिता प्रश्न

१. इस्राएल लोक गोशेनात वेगळे का राहिले? त्याचा परिणाम पुढे काय झाला?
२. आपल्या घरातील कोण मनुष्य मुंबईस किंवा अन्यत्र उपरी म्हणून राहिला? तो कोठे निजत असे, हे घरच्या वृद्धांस विचारून या.
३. 'या लोकांना सवय असते' हे शब्द आपण गेल्या वर्षात कोणाविषयी उच्चारिले?
४. आपल्या गावात कोणत्या पाण्याला, कोणत्या दाराला, कोणत्या आसनाला अद्याप कुलूप आहे? त्याची किल्ली कोणाकडे आहे?

प्रार्थनेचा विषय : घरापासून दूर काम करणारे सर्व, आपल्या मंडळीतील घरमालक, आणि ज्यांची माणसे कारखान्यांतून परत आली नाहीत ती कुटुंबे.